बुजवलेली फट

बायको राजलक्ष्मी गेल्याचं सूर्याजीला कळलं, तेव्हा तो फूलबागेजवळच्या एका कचेरीत प्लास्टरचे पुतळे गवतात गुंडाळून पेट्यांत भरत होता. मध्यभारत मोडून नवं राज्य झालं होतं आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या. सूर्याजी मूर्तिकार. विलीनीकरणानंतर संस्थानाचा पुतळे घडवण्याचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून तो श्रावण-भाद्रपदात शाडूचे गणपती करी आणि एरवी मिळेल ते काम. त्या दिवशी त्याची बहीण मंदाताई फाटकातून आत आली. तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तो सावरायचं तिला सुचत नव्हतं. चारचौघांत तिचं डोकं उघडं त्याने कधी पाहिलं नव्हतं. ती बोलायच्या आधीच तो हातातलं गवत ठेवून उठला.

राजलक्ष्मीला दम लागायचा. पाण्याची कळशी उचलली की ती दाराशी टेकून उभी राही. रात्री आडवं झालं की खोकला येई, म्हणून भिंतीला उशा लावून बसूनच झोपे. वैद्य झाले, अंगारे झाले. शेवटी इस्पितळात डॉक्टर कृष्णरावांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि हृदय कमजोर आहे म्हणाले. कमजोर म्हणजे काय, हे सूर्याजीने तेव्हा विचारलं नाही.

तेरावा झाल्यावर मात्र तोच एक प्रश्न त्याला सोडेना. शेजारी म्हणत, नशीब. नशिबाने त्याचं समाधान होत नव्हतं. तो डॉक्टरांकडे गेला.

कृष्णराव मेडिकल कॉलेजात शिकवतही असत. त्यांनी त्याला आत नेऊन काचेच्या बरणीतलं, वरून उघडं कापलेलं माणसाचं हृदय दाखवलं. मूठभर तर होतं. वर दोन खोल्या, खाली दोन. अंगभर फिरून दमलेलं रक्त उजवीकडे येतं, तिथून फुप्फुसांत जातं, हवा घेऊन डावीकडे परततं आणि डावी खालची खोली ते पुन्हा सगळ्या अंगात ढकलते. म्हणून तिची भिंत सर्वांत जाड. वरच्या-खालच्या खोल्यांमध्ये झडपा, एकाच बाजूला उघडणाऱ्या. रक्त पुढे जाईल, मागे फिरणार नाही.

"तिचं काय बिघडलं होतं?" सूर्याजीने विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. मुलांना शिकवायला कॉलेजात मोठा, उघडता येणारा नमुना नव्हता. ते म्हणाले, "तुम्ही हे शाडूत घडवून आणा. मग त्याच्यावरच दाखवतो. नुसतं सांगून नाही कळायचं."

सूर्याजीलाही ते पटलं. हातातून गेल्याशिवाय त्याला कुठलीच गोष्ट कळत नसे.

मंदाताईला हे मुळीच आवडलं नाही. "गणपती घडवणारे हात आता काळजं घडवणार? उद्या कलेजी विकायला बसशील," असं म्हणाली, आणि रोज संध्याकाळी त्याच्या शाडूवर ओलं फडकं मात्र न विसरता टाकत राहिली.

तो बरणीसमोर बसून बघे आणि घरी येऊन घडवी. डावी भिंत जाड केली. डावीकडच्या झडपेच्या पातळ पाकळ्या केल्या, त्यांना खालून ताणून धरणारे दोरे केले. दोन पाकळ्यांमध्ये बरणीत एक फट दिसत होती. औषधाच्या पाण्यात राहून तडा गेला असणार, असं त्याला वाटलं. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही; तडा दिसला की अंगठा फिरवायचा, हे वडिलांनी लहानपणीच हाताला शिकवलं होतं. त्याने अंगठा फिरवला. सुई जाईल एवढं भोक तेवढं राहिलं.

डॉक्टरांनी नमुना उघडला. बराच वेळ ते आत बघत राहिले.

"ही फट बुजवलीत तुम्ही."

"तडा होता ना, डॉक्टरसाहेब."

"तडा नव्हे. रक्ताची वाट आहे ती." त्यांनी टाचणीने ते भोक दाखवलं. "तुमच्या घरात हेच झालं होतं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता ना त्यांना? त्या तापाने पाकळ्या हळूहळू चिकटत जातात. रक्त खाली उतरत नाही, वर तुंबतं, मग फुप्फुसांत. आडवं झालं की छाती भरून येते."

"म्हणून ती बसून झोपायची."

"हो. बसलं की जरा श्वास घेता येतो."

सूर्याजी स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, ती वाट उघडता आली असती का. डॉक्टरांनी लपवलं नाही. दूर दक्षिणेत काही सर्जन हृदयात बोट घालून ती फट मोकळी करू लागले होते. ग्वाल्हेरला अजून ते होत नव्हतं.

"शाडू ओला आहे," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच उघडून टाका."

सूर्याजीने कोरणी हातात घेतली, झडपेपर्यंत नेली आणि परत ठेवली. हे असंच राहू द्या, म्हणाला. आजार कसा असतो ते मुलांना कळेल. धडधाकट हृदय तो दुसरं करून देणार होता. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

पहिलं हृदय आता कॉलेजच्या कपाटात आहे. दुसरं सूर्याजीच्या ओसरीवर, ओल्या फडक्याखाली. त्याच्या चारही खोल्या झाल्या, डावी भिंत जाड झाली, पाकळ्या झाल्या, दोरे झाले. पाकळ्यांमधली फट कापायची अजून राहिली आहे.