कलमा कोणाच्या घ्यायच्या

माझी सरला लग्न होऊन पांढुर्ण्याला गेली ते साल एकोणीसशे ब्याऐंशी. मे महिन्यात सौसरच्या विहारात लग्न लागले. तिचे वडील मोतीराम जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती, म्हणून बापाच्या जागी माझा धाकटा भाऊ उत्तम उभा राहिला. मांडवाचे बांबू त्याने आणले, पंगतीत त्यानेच वाढले, आणि पोरगी बसमध्ये बसली तेव्हा माझ्याहून जास्त तोच रडला. हे आधी सांगते, कारण पुढे मी त्याच्याशी जे केले ते ऐकून लोक म्हणाले की लीलाबाईला भावाची किंमत नाही.

मोतीराम नगरपालिकेत कामाला होते. ते गेल्यावर मला बसस्टँडच्या प्याऊवर ठेवले. सकाळी रांजण धुवायचे, भरायचे आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचे. पाणी पिता पिता माणूस काहीतरी विचारतोच. जामसावळीची गाडी किती वाजता आहे, दात कोण काढतो, बैलाचा डॉक्टर कुठे बसतो. काही लोक माझ्या हातचे पाणी घेत नसत. ते समोरच्या नळावर जात आणि ओंजळीने पीत, पण तोंड पुसून पत्ता विचारायला माझ्याकडेच येत. पत्त्याला विटाळ नव्हता.

पावसाळा लागला की एकच गोष्ट सगळे विचारत. "बाई, संत्र्याच्या कलमा कोणाच्या घ्यायच्या?"

आमच्याकडे जंबेरीचे रोप लावतात आणि त्याच्या खोडावर चांगल्या संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, बांधतात. डोळा धरला तर संत्रा. डोळा मेला आणि खालचे जंगली वाढले तर जंबेरी. लहानपणी दोन्ही हिरवीच दिसतात. खरे काय ते पाच वर्षांनी, फळ लागल्यावर समजते. म्हणून पांढुर्ण्याकडचा माणूस आमच्याकडे कलमा घ्यायला उतरला की आधी चार जणांना विचारायचा.

पहिली काही वर्षे मी मुकुंदरावांचे नाव सांगत असे. स्टँडच्या मागेच त्यांची मोठी नर्सरी होती, त्यावर हिंदीत आणि मराठीत रंगवलेली पाटी होती. चहावाला त्यांचे नाव घ्यायचा, हमाल घ्यायचे, कंडक्टर तर गाडी थांबायच्या आधी ओरडायचा. जे नाव कानावर जास्त पडले ते चांगले, असे मी धरून चालले होते.

सरलाच्या लग्नानंतर महिनाभराने एक माणूस रांजणापुढे येऊन उभा राहिला. गुणवंता त्याचे नाव. पांढुर्ण्याच्या पलीकडे त्याचे वावर होते.

"ओळखलं काय?" तो म्हणाला.

"नाही जी."

"कशी ओळखशीन! सहा साल झाले. तूच सांगतलं होतं, मुकुंदरावच्या कलमा घ्या म्हणून." त्याने झोळ्यातून एक सुकत आलेले, जाड सालीचे फळ काढले आणि नखाने सोलले. "घे. चाख."

मी फोड तोंडात घातली. दात आंबले, डोळे मिटले.

"दोनशे झाडं लावले म्या. अर्धे हे निघाले. पाच साल पाणी देल्लं याले, लेकरावाणी."

"मी तं ऐकलेलं सांगतलं जी."

"मंग ऐकलेलं काहून सांगतं? पाहेलं सांगत जाय." माझे तोंड पाहून त्याला हसू आले. "आता चाखलं न, आता विसरशीन नाही." दोन ग्लास पाणी पिऊन तो निघून गेला.

माझ्या मनात ते फळ राहिले. त्या माणसाची पाच वर्षे माझ्या एका शब्दाने गेली होती.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी अक्षरे शिकले होते. विहारात संध्याकाळी बायांचा वर्ग भरायचा, नलिनीबाई नावाच्या मास्तरीण शिकवायच्या. शेहेचाळिसाव्या वर्षी मी माझे नाव लिहिले. त्या वर्गातली अर्धी कोरी वही माझ्याजवळ होती. ती मी प्याऊवर आणली. ज्याच्या धोतराला वावरातली माती दिसेल त्याला विचारू लागले, कलमा कोणाच्या चांगल्या. जे नाव सांगेल त्याच्यापुढे एक रेघ.

पंधरा दिवसांनी पाहिले तर मुकुंदरावच सगळ्यांत पुढे. मला काही समजेना. मग एक-एक रेघ कोणाची ते आठवत बसले. अर्ध्या कंडक्टरांच्या आणि चहावाल्याच्या होत्या. मातीवाल्यांना विचारायचे ठरवून मी त्यांनाही विचारले होते, कारण तेच जवळ होते. त्यांच्यापैकी एकाच्याही घरी संत्र्याचे झाड नव्हते, आणि मोसमात मुकुंदरावांकडून टोपलीभर संत्री मात्र प्रत्येकाच्या घरी जात होती. त्या रेघा मी खोडल्या.

मग प्रश्नच बदलला. चांगल्या कोणाच्या, हे विचारणे सोडले. "तुमच्या स्वतःच्या बागेत कोणाच्या लावल्या, अन् पुन्हा लावायच्या झाल्या तं कोणाच्या लावसान?" असे विचारू लागले. आता माणसे थांबून उत्तर देत. आणि एक नाव वर येऊ लागले, मोहगावचे भिवाजीबाबा. त्यांची पाटी नव्हती. स्वभाव असा की गिऱ्हाइकाने जास्त घासाघीस केली तर म्हणत, जा, भटे लाव, म्हणजे वांगी. पण कलमा बांधणारे दुसरे लोकसुद्धा डोळ्याच्या काड्या मागायला त्यांच्याच दारात जात. मुकुंदरावही माणूस पाठवत, असे कळले. तेव्हा मी आणखी एक ठरवले. ज्याच्याकडे जाणते लोक जातात, त्याने कोणाचे नाव घेतले तर ती एक रेघ नाही. त्याच्या दहा.

मुकुंदरावांच्या कानावर वही गेली. ते स्वतः आले. माणूस गोड होता.

"लीलाबाई, रांजण जुने झाले तुमचे. दोन नवे पाठवून देतो."

आले. दोन्हींवर पांढऱ्या रंगाने त्यांच्या नर्सरीचे नाव लिहिलेले होते. पाणी त्यात थंड राहायचे, मी ठेवून घेतले. कोणी विचारले की म्हणायची, "रांजणावर लिहिलं आहे ते त्याईनं लिहिलं आहे. मले विचारसान तं मी वहीतलं सांगन." मुकुंदराव चार दिवस फुगले. मग हसले. पण रांजण परत नेले नाहीत, हे त्यांचे चांगलेच म्हणायचे.

आता उत्तमचे. लोधीखेड्याच्या रस्त्यावर अर्धा एकर जागा ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, घेऊन त्यानेही कलमा बांधल्या होत्या, पहिल्यांदाच. तीन हजार. त्या पावसाळ्यात खपल्या नाहीत तर मालक जागा परत घेणार होता, आणि उत्तमला पुन्हा सडकेच्या गिट्टीवर जावे लागणार होते. तिथून सुटायला त्याला दहा वर्षे लागली होती. वहीत त्याच्या नावापुढे एकही रेघ नव्हती. नवीन माणसाला रेघ कुठून येणार? ज्याची बाग अजून उभी नाही त्याला कोण सांगणार?

"बाई, तुले दिवसातून पन्नास लोक विचारतेत," तो म्हणाला. "दहाईले माहं नाव सांगजो. बस."

"वहीत नाही रे तू."

"तं लिही न! वही तुहीच हाये."

"माह्या हातानं भावाची रेघ कशी मारू?"

"मुकुंदरावाचे रांजण चालतेत तुले. म्या तुही पोरगी सासरी वाटी लावली, थे नाही चालत." हे बोलून त्यालाच वाईट वाटले. तो खाली पाहू लागला. मी म्हटले, "थांब. भिवाजीबाबाले दाखवन. थे म्हणतीन तं उद्यापासून तुहं नाव पह्यलं."

उत्तमच्या दोन कलमा ओल्या पोत्यात गुंडाळून मी मोहगावला गेले. भिवाजीबाबा अंगणात बसले होते. सत्तरीचे, बारीक अंगाचे. कोणाच्या कलमा हे मी सांगितले नाही.

त्यांनी रोप डोळ्याजवळ नेले. जोडावरून अंगठा फिरवला, पान चुरगाळून वास घेतला.

"डोळा चांगल्या झाडाचा हाये. हात साफ हाये. पोरगा हाये न कोणी? घाई करते."

"कशावरून जी?"

त्यांनी जमिनीपासून जोडापर्यंत बोटे लावली. चार बोटे. "खाली बांधला का लवकर वाढते, गिऱ्हाइकाले मोठं दिसते. पण पावसात माती उडते, जोडाले लागते, अन् डिंक्या येते. सातव्या-आठव्या साली झाड बसते. वीतभर वर बांध म्हणा त्याले. एक साल मागं पडीन, पण झाड पोराबाळायले पुरीन."

"मंग नाव सांगू काय लोकायले?"

"तुह्या बागेत लावशीन काय हे?"

"माही बाग नाही जी."

"असती तं?"

मला गुणवंताचे फळ आठवले. मी पोते गुंडाळले आणि उठले.

उत्तमला सगळे सांगितले, चार बोटांसकट. त्याने पोते उलगडून जोडाला स्वतः बोटे लावली. मग म्हणाला, "म्हणजे तीन हजार रोपट्यात मले एकही गिऱ्हाईक नाही पाठवणार तू."

"यंदा नाही."

"यंदा नाही तं मंग कधीच नाही, बाई."

त्या मोसमात मी प्रत्येकाला भिवाजीबाबांचे नाव सांगितले. उत्तमच्या काही कलमा रस्त्यावरून जाणाऱ्यांनी घेतल्या, बाकीच्या वाढून वाकड्या झाल्या. दिवाळीला मालकाने जागा परत घेतली. उत्तम सडकेवर गेला. सरला माहेरी आली तेव्हा मला म्हणाली, "माय, एक नाव घेतलं असतं तं तुहं काय जात होतं?" मी तिला गुणवंताची गोष्ट सांगितली. तिने ऐकली, पण मामाच्या घरी भाकर खायला गेली ती माझ्याकडे पाठ करूनच.

उत्तमची सडकेची टोळी स्टँडवरून जायची. उन्हात बाकीचे मजूर प्याऊवर यायचे. तो समोरच्या नळावर जायचा आणि ओंजळीने प्यायचा. तिथे पाणी पिणारे लोक मी सहा वर्षे पाहिले होते. त्यांचे मला काही वाटत नसे. त्याला तिथे पाहिले की ओगराळे माझ्या हातात तसेच राहायचे.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमाराला भिवाजीबाबा बसमधून उतरले. पाणी प्याले आणि म्हणाले, "पोरी, थो चार बोटंवाला कोण होता?"

"काहून जी?"

"मले आता जवळचं दिसत नाही. डोळा बांधाले हात पायजे. थ्याचा हात मले आठवते."

"माहा भाऊ होय."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "सख्खा?"

"सख्खा."

"अन् तू तवा सांगतलं नाही मले?"

"सांगतलं असतं तं तुम्ही खरं बोलले असते काय?"

बाबांनी ग्लास खाली ठेवला. विचारत विचारत सडकेच्या कामावर गेले आणि उत्तमला गिट्टीवरून उठवून मोहगावला घेऊन गेले. तो तिथे राहिला. वीतभर वर बांधायला शिकला. बाबा मागे बसून नुसत्या अंगठ्याने जोड तपासत आणि शिव्या देत. दोन वर्षांनी त्यांच्याच शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून उत्तमने आपल्या कलमा वेगळ्या बांधायला घेतल्या. हे मला त्याने सांगितले नाही. मोहगावची माणसे पाणी प्यायला येत, त्यांच्याकडून समजत गेले. वहीत त्याच्या नावापुढे तीन रेघा आल्या, मग पाच. सांगण्याइतक्या त्या नव्हत्या, म्हणून मी सांगितले नाही.

एकोणीसशे शहाऐंशीच्या जुलैत बाबा पुन्हा आले, नातवाचा खांदा धरून.

"वही काढ."

काढली.

"लिही. भिवाजीनं आपल्या विहिरीजवळच्या बागेत साठ झाडं लावले. कलमा उत्तमच्या."

"तुमच्या स्वतःच्या बागेत?"

"थेच विचारतं न तू साऱ्यायले? मले काय वेगळं इचारतं?"

मी दहा रेघा मारल्या. दोन रेघा एकमेकींवर गेल्या. त्या तशाच ठेवल्या.

त्याच दुपारी सिल्लेवानीकडचा एक माणूस कलमा विचारत आला. मी म्हटले, "मोहगावले भिवाजीबाबा. त्याईच्या सरल्या असतीन तं बाजूलेच उत्तम."

"उत्तम कोण तुमचे?"

"भाऊ. पण म्हणून नाही सांगून राहिली. हे पाहा." मी वही त्याच्यापुढे धरली. त्याला वाचता येत नव्हते. त्याने रेघांवरून बोट फिरवले आणि मान हलवली.

आठ-दहा दिवसांनी उत्तम आला. नळाकडे पाहिले, मग रांजणापुढे उभा राहिला.

"पाणी दे व बाई."

मी दिले. त्याने ग्लास रिकामा केला, पुन्हा पुढे केला.

"चार साल लागले तुले," तो म्हणाला.

"कलमेले पाच लागतेत," मी म्हटले.

तो हसला, आणि पाणी नाकात जाऊन खोकत बसला. मी त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, लहानपणी मारायची तशा.

विहिरीजवळची साठही झाडे संत्र्याची निघाली. एकही जंबेरी नाही. पण त्यांना फळ लागले ते एकोणीसशे नव्वद उलटल्यावर, आणि पहिली टोपली उत्तमने बाबांच्या नातवाच्या हातात दिली. भिवाजीबाबांनी ती फळे पाहिली नाहीत. ते एकोणीसशे एकोणनव्वदच्या जानेवारीत, मोहगावला आपल्या घरी वारले.