उडवीतली धामण

अद्वयची फिल्म सव्वीस मिनिटांची आहे. पुण्यात ती संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, असं त्याने कळवलं. रोह्याच्या कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून त्याची आत्या गागोद्याजवळच्या घरच्या शेतावर येते, फवारणी बंद करते, आणि तीन वर्षांत बेडूक, घुबडं, मुंगसं परततात, अशी ती गोष्ट. ती आत्या मी. फिल्ममध्ये माझ्याबरोबर सतत आमच्या शेतावर राबणारा सखा दिसतो. भात त्याने पिकवलं. मी नोंदी ठेवल्या.

सखा मे महिन्यात गेला. डिसेंबरात एका दुपारी त्याची बायको सरू फिल्म बघायला आली.

"आवाज हाय ना त्यात त्याचा?" तिने दारातच विचारलं. "माझ्या मोबाइलात नुसते फोटो हायत."

"आहे."

मी पडवीत लॅपटॉप लावला. अकराव्या मिनिटाला काय आहे ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. अद्वय म्हणाला होता, "आत्या, तेवढं कापून देतो. तिला कशाला दाखवायचं?" मी कापू दिलं नाही. पण पुढे सरकवायचं बटण कुठे आहे ते बघून ठेवलं होतं.

पहिली दहा मिनिटं सरू हसत होती. "बघा कसा मिरवतोय! शर्ट लेकाचा हाय. माझ्याकडून इस्त्री करून घेतला, म्हणे पिच्चरमध्ये जायचंय."

मग उडवी आली. पेंढा रचून केलेला तो उंच ढीग. इथे पेंढा ओढायच्या आधी उडवीवर काठीने तीन-चारदा बडवतात. सखा काठी उचलतो. पडद्याबाहेरून माझा आवाज येतो, "सखा, काठी नको. धामण आहे ना आत, अंडी घातलीत तिने."

सखा हसतो. "इसरलोच बाई. बाळंतीण हाय ती." काठी कुडाला टेकवतो आणि पेंढ्यात हात घालतो.

माझं बोट बटणावर होतं. मी ते दाबलं नाही.

त्या शूटिंगनंतर तीन आठवड्यांनी त्याच उडवीत त्याला घोणस चावली. धामणच असेल, तिला विष नसतं, असं समजून त्याने हात धुतला आणि दोन तास बांधावर माती ओढत राहिला. पेणला नेलं तेव्हा उशीर झाला होता. काठी न मारता हात घातला, असा कसा येडा माणूस, असं सरू सात महिने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. रडायची तीही त्याच्यावर चिडूनच. मी कितीदा तरी शेजारी बसलेली असायचे, आणि गप्प.

"परत लावा," सरू म्हणाली.

मी लावलं. मग आणखी एकदा.

"म्हंजे काठी मारायला इसरला नव्हता तो. तुमचं ऐकलं त्यानं."

"हो. अंडी फुटतील म्हणून मीच सांगितलं होतं. तुला आधीच सांगायला हवं होतं."

ती पडद्याकडेच बघत होती. "काठी मारायला नसते हो बाई. कळवायला असते. आम्ही येतोय, तुम्ही सरका. एवढी पोरं शिकवलीत, त्याला कधी इचारलंत का, कशाला बडवतोस म्हणून?"

विचारलं नव्हतं. चार वह्या भरल्या होत्या, त्यात हे नव्हतं.

सरू उठली. गोठ्यामागे यंदाची उडवी होती. गाईचा पेंढा आता तीच काढते. तिने काठी घेतली, चारदा बडवलं आणि थांबली. मी तिच्या मागे थांबले. आतून काही निघालं नाही.

"सात महिने शिव्या घातल्या त्याला," ती उडवीकडे तोंड करून म्हणाली. "मेलेल्या माणसाला. त्या कशा परत घेऊ, सांगा."

तिने पेंढी ओढली. मी घ्यायला हात पुढे केला. ती मला वळसा घालून गाईकडे गेली.