आपला वर्ग आपण झाडू

नववीला मी जपानी शिकवते. आठवड्याला भाषेचे तीन तास, इतिहासाचा एक, संस्कृतीचा एक. माझ्या पाठीमागे पोरं मला 'कोन्निचिवा बाई' म्हणतात. हेडसरांच्या लेखी जपानची संस्कृती म्हणजे कागदाचे पक्षी करणं आणि पाहुण्यांना ते दाखवणं. मला त्याचा उबग आला होता, म्हणून म्हटलं, काहीतरी खरं शिकवू.

तिकडे मुलं आपला वर्ग स्वतःच झाडतात, फरशीसुद्धा पुसतात. मी तेच सुरू केलं. शेवटचा तास संपला की बाकं सरकवून पंधरा मिनिटं. पहिले दोन दिवस सगळ्यांनी नाकं मुरडली, एका आईची चिठ्ठीही आली. तिसऱ्या दिवशी पोरं चढाओढीने पुसायला लागली. मी अशी काही हरखले, की आता आठवलं तरी शिसारी येते.

आमच्या मजल्यावरच्या मावशी दारात उभ्या राहून बघायच्या. सतरा वर्षं त्या इथे केर काढत होत्या. घरात कमावतं दुसरं कुणी नाही. फडकं कसं पिळायचं ते पोरांना त्यांनीच दाखवलं.

मग एक दिवस हेडसर फोटोग्राफर घेऊन आले. स्वच्छ फरशी पोरांना परत पुसायला लावली, का, तर पहिल्या फोटोत सरांचे डोळे मिटले होते! माहितीपत्रकात छापून आलं, 'जपानी शिस्त'. पाठोपाठ फर्मान निघालं. यापुढे सगळे वर्ग मुलंच झाडतील, महिनाअखेरीपासून मावशींची गरज नाही.

मी तरातरा केबिनमध्ये गेले.

"सर, तिकडे मुलं झाडतात ती शिकायला. कुणाला घरी बसवायला नाही. तिकडच्या शाळांतही देखभालीला माणूस असतोच."

हेडसर चहात बिस्किट बुडवून खात होते. अर्धं कपात पडलं. ते त्यांनी बोटाने काढलं आणि बोट चाटलं.

"मॅडम, कल्पना तुमचीच ना? पत्रकात तुमचं नाव टाकलंय. काढू का? तसं पुढच्या वर्षी जपानी ठेवायचं की नाही, तेही ठरवायचंय मला."

ते ओलं बोट त्यांनी टेबलावरच्या पत्रकातल्या माझ्या फोटोवर ठेवलं होतं.

"नको," मी म्हणाले. "राहू दे नाव."

आणि शेपूट घालून बाहेर आले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मावशी किल्ल्या द्यायला स्टाफरूममध्ये आल्या. मी वह्यांच्या गठ्ठ्यात डोकं खुपसलं, तरी त्या माझ्यापाशीच थांबल्या. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मॅडम, पोरं छान झाडतात हो," त्या म्हणाल्या. "फक्त दारामागचा कचरा तसाच ठेवतात. दार ओढून घ्यायचं त्यांच्या लक्षातच येत नाही. तेवढं शिकवा त्यांना."

"हो, शिकवते."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासानंतर मी दार ओढून घेतलं आणि पोरांना तेवढं शिकवलं.