गोड आवाजाचा घरमालक

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरात सगळेच म्हणतात आणि मी ते कधी नाकारलेलं नाही. मी पडदे शिवते. सुट्ट्या तोंडावर आल्या की घरोघरी पडदे बदलायची हौस येते, त्यामुळे त्या दुपारी मशीनवर मान मोडेपर्यंत काम होतं. अशात बाहेरून कुणी दाराची चौकट चाचपायला लागलं, तर चिडू नको तर काय करू?

दार उघडलं. समोर एक गृहस्थ, मागे त्यांची बायको, म्हातारी आई, सात-आठ वर्षांची मुलगी आणि चार बॅगा.

"साफसफाई व्हायचीय का अजून?" गृहस्थ म्हणाले. "किल्ली चौकटीवर असेल म्हणाले होते. आमचं आजपासून चार दिवसांचं बुकिंग आहे."

"कसलं बुकिंग? हे माझं घर आहे."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. माझा हॉल, माझं स्वयंपाकघर, माझी झोपायची खोली. खाली लिहिलेलं, 'सुट्टीसाठी संपूर्ण घर, समुद्रापासून दहा मिनिटं.' ते फोटो मीच काढलेले होते. पडदे टांगल्यावर कसे दिसतात ते गिऱ्हाइकांना कळावं म्हणून मी ते माझ्याच खिडक्यांना लावून इंटरनेटवर फोटो टाकते आणि यायला सोपं जावं म्हणून खाली पत्ताही देते. कुणा हरामखोरानं ते उचलून माझं राहतं घर भाड्यानं लावलं होतं.

"तुम्ही फसलात," मी म्हणाले.

"मालकांशीच बोलतो," म्हणत त्यांनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"अरेरे, ती बाई का? माफ करा हं, सर," पलीकडचा आवाज इतका गोड की कानाला मुंग्या लागाव्यात. "जुनी भाडेकरू आहे, घर सोडत नाहीये. तुम्ही वाद घालूच नका. उरलेली निम्मी रक्कम पाठवा, लगेच माझा माणूस पोलिसांना घेऊन येतो. फक्त वीस मिनिटांत हं, सर. नंतर बुकिंग आपोआप रद्द होतं आणि आधीचेही पैसे अडकतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भाडेकरू? मी? या घराची एकेक फरशी मी समोर उभी राहून बसवून घेतलीये!"

गृहस्थ एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी मुलीला आपल्या पाठीशी घेतलं. मी समोर उभी होते, हाडामांसाची, आणि त्या माणसाचा विश्वास फोनवर होता. मला ते फार लागलं.

मग मला सुचलं. मी दार सताड उघडलं. "ही भिंत बघा. इथे माझं मशीन, कापडाचे ढीग. पसारा दिसतो म्हणून हिचा फोटो मी कधीच टाकत नाही. विचारा त्याला, इथे काय आहे ते."

त्यांनी विचारलं.

"तिथे माझं कपाट होतं, सर. ते हलवून तिनं मशीन मांडलं. म्हणून तर तिला काढतोय."

मी धावत जाऊन विजेचं बिल आणलं.

"नाव तिचंच असणार, सर. मीच करून दिलं होतं. माणुसकी दाखवली, ती अंगाशी आली."

चोर तो चोर, वर शिरजोर! मी काहीही पुढे केलं तरी त्याचं उत्तर तयारच.

"अहो, थांबा ना जरा," त्यांची बायको म्हणाली.

"तू गप्प बस."

माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. लेकराबाळांना घेऊन परक्या दारात उभा होता आणि आधीचे पैसे बुडतील या धास्तीनं आणखी पैसे टाकायला निघाला होता. रक्कम टाकून झाली होती, फक्त पिन राहिला होता. मी हात जोडले. त्याचाही उपयोग होईना तेव्हा ओरडले, इतकी की घसा बसला.

"आठ मिनिटं उरली, सर," फोन म्हणाला.

इतका वेळ बॅगेवर बसलेल्या आजी तेवढ्यात बोलल्या. "अरे, एक सांग मला. ही बाई त्याच्या घरात घुसून बसलीये, असंच म्हणतोय ना तो?"

"हो, आई."

"मग त्याला राग कसा येत नाही? हिच्याकडे बघ, कशी पिसाळलीये. घरावर कुणी हक्क सांगितला की माणूस असाच होतो. तो मघापासून नुसते पैसे मागतोय."

गृहस्थांचा अंगठा हवेतच थांबला.

"सर? सहा मिनिटं हं."

"तुम्हीच या इथे," ते कसेबसे म्हणाले. "हातात देतो पैसे."

मग त्या गोड तोंडातून अशी शिवी आली की मुलीसमोर नको म्हणून त्यांनी घाईनं फोन कापला. ते पायरीवरच बसले.

"बसू नका, आधी बँकेला फोन लावा," मी म्हणाले. "गेलेले पैसे अडवता आले तर आत्ताच येतील. मग सायबर पोलिसांत तक्रार करा. आणि त्याचे मेसेज पुसू नका." बाकीच्यांना मी आत घेतलं. माझ्याच फोटोंनी त्यांना इथवर आणलं होतं, त्यांच्याकडे बघायचीही मला लाज वाटत होती.

मुलगी हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "आई, खरंच फोटोतलंच घर आहे!"

बाहेर स्पीकरवर बँकेतली बाई एकेक माहिती विचारत होती. "पैसे कुणी पाठवले होते, सर?"

त्यांनी मान खाली घातली. त्यांची बायको दारापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "माझं नाव सांगा. नातेवाइकांनाही सांगू, बुकिंग मी केलं होतं म्हणून. मला चालेल."

त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"मी पाठवले," ते फोनवर म्हणाले. "बायको नको म्हणत होती. आधी घर बघून या म्हणत होती. मी तिचं ऐकलं नाही."

"तक्रारीत एवढं लिहायची गरज नसते, सर."

"लिहा," ते म्हणाले.