दिवसाचं पाणी

अक्काचे ओठ बारमाही कोरडे असत. चैत्रातल्या दुपारी चिटगुप्प्याच्या लाल मातीवर ऊन साचून राही, वाऱ्याला तापल्या दगडांचा वास येई, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेली अक्का पदराच्या टोकाने ते ओठ टिपत असे, पाहणाऱ्याला वाटावं की ही आत्ताच तांब्याभर पाणी पिऊन उठली. पाणी ती प्यालेली नसेच. हसली की खालच्या ओठाची चीर उलून रक्ताचा बारीक ठिपका उमटे, आणि तरीही ती हसायची, कारण माझ्या माहेरच्या उद्गिरी बोलण्याची नक्कल केल्यावाचून तिचा दिवस जात नसे.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, नीलम्मा. जनवाड्याला दिलेली, ऐन उमेदीत नवरा गेला, आणि कपाळावरचे विभूतीचे पट्टे तेवढे घेऊन ती भावाच्या, म्हणजे आमच्या घरी परत आली. देवाशी आणि म्हशीशी कानडी, आमच्याशी मराठी, आणि भांडण रंगात आलं की दखनी उर्दू, अशी तिच्या वाणीची वाटणी होती. पहाटेच्या धूसर प्रकाशात गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन ती पूजेला बसली की तिच्या चेहऱ्यावर अशी काही निश्चल शांतता पसरे की मी चुलीतली लाकडंसुद्धा आवाज न करता सारायची. मग ती उठायची, आणि पहिलंच वाक्य माझ्या भाकरीला नाव ठेवणारं असायचं.

तिच्या त्या कोरड्या ओठांचं मूळ जनवाड्यात होतं. तिथल्या तिच्या सासरची मोरी ओसरीच्या अगदी समोर, आणि ओसरीवर सकाळपासून सासरे, दीर, आलेगेले यांची बैठक. बायकांनी बाहेर जायचं ते उजाडायच्या आधी नाहीतर दिवस बुडाल्यावर, गावाबाहेरच्या बांधाकडे, जथ्यानं. एकजण बसली की बाकीच्या तिच्याकडे पाठ करून, पदर पसरून, भोवती उभ्या राहत. मधला सगळा दिवस देहाला कुलूप. तेव्हा दिवसा पाणी प्यायचंच नाही, ही विद्या तिथली प्रत्येक सून आठ-पंधरा दिवसांत शिके, आणि अक्का ती इतकी मन लावून शिकली की आमच्या घरी परसदार होतं, आडोसा होता, तरी तिचं कुलूप उघडलं नाही. मी चिडायची. मी म्हणायची, अक्का, तुम्ही माणूस आहात का कडबा? ती नुसते ओठ टिपायची.

निजामाचं राज्य जाऊन दोन-चार वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात अक्काला ताप भरला. बरगडीत कळ, श्वासाला घरघर, आणि पायांवर अशी सूज की बोट दाबलं की खळगा तसाच राहावा. बैलगाडीत गवत पसरून आम्ही तिला बिदरला नेलं. मैलूरच्या वाटेवर एक लहानसा दवाखाना होता, आता तिथं काही उरलेलं नाही. डॉक्टर तरुण, हैदराबादकडचे, दखनी बोलणारे, मनाने फार चांगले. त्यांनी सांगितलं, फुप्फुसाला जंतूंनी धरलंय, त्याची सुई वेगळी. काळीज थकलंय म्हणून अंगात पाणी साचलंय, ते लघवीवाटे काढायची सुई वेगळी. ताप आहे, तेव्हा घोट घोट पाणी मात्र चालू ठेवा, असंही त्यांनी मला बजावलं.

ती दुसरी सुई मांडीत टोचली, आणि थोड्याच वेळात अक्काचं जन्मभराचं कुलूप आपोआप तुटलं. बायकांच्या त्या दालनात खाटांच्या दोन रांगा होत्या. मधला पडदा गुडघ्यापर्यंत आखूड. भेटीला आलेले बाप्ये दाराशी खोळंबलेले. सिस्टर भांडं घेऊन येई, जाई, पुन्हा येई. एकदा भांडं यायला उशीर झाला आणि चादर भिजली. भर दुपारच्या पांढऱ्याफटक उजेडात, पंधरा माणसांच्या देखत. अक्कानं डोळे मिटून घेतले आणि गळ्यातलं लिंग मुठीत इतकं घट्ट धरलं की बोटांची पेरं पांढरी पडली. मला रडू आलं, आणि रडू येतंय म्हणून स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ती शहाण्या लेकरासारखी वागू लागली. मी पेला भरून द्यावा, तिनं तो खिडकीकडे तोंड करून रिकामा करून परत द्यावा. मी खूष. डॉक्टरांनी विचारलं की मी अभिमानानं सांगायची, पाणी छान पिताहेत. पण ताप हटेना. जीभ वाळल्या चामड्यासारखी झाली, डोळे खोल गेले, आणि लघवी तर जवळजवळ बंदच पडली. डॉक्टर कोड्यात पडले. इतकं पाणी पोटात जातंय आणि बाहेर काही येत नाही, म्हणजे सगळं अंगातच मुरतंय, असा त्यांनी माझ्या बोलण्यावरून हिशोब केला. तिसऱ्या प्रहरी तीच सुई मोठ्या मापानं द्यायची ठरली.

मी लुगडं वाळत घालायला मागच्या अंगणात गेले. सगळं अंगण उन्हानं करपलेलं, आणि अक्काच्या खिडकीखालच्या लाल दगडी भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक ओला ओघळ. त्यावर गांधीलमाश्या पाणी प्यायला जमलेल्या. मी भरून दिलेले पेले कुठं रिकामे होत होते, ते मला तेव्हा कळलं.

आत जाऊन मी तिला विचारलं. तिनं नाकारलं नाही. श्वास घेत घेत ती म्हणाली, "पुन्यांदा तसं व्हायचं न्हाई मला, गंगू. डागदराला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

असल्या शपथेपुढं बाई काय करणार? सांगावं तर तिची लाज परपुरुषापुढं उघडी पाडायची आणि शपथ मोडायची. न सांगावं तर तिसरा प्रहर आलाच होता. ती खाटेत अडकली होती आणि मी तिच्या शब्दात. खिडकीतून येणाऱ्या उन्हाची तिरीप फरशीवर सरकत होती आणि तिच्या श्वासाची घरघर साऱ्या दालनात ऐकू येत होती. मग मला संताप आला, जनवाड्याच्या त्या ओसरीचा, आखूड पडद्याचा, तिच्या हट्टाचाही. मी उठले आणि सिस्टरला सगळं सांगितलं. सिस्टर धावत गेली. डॉक्टरांनी भरलेली सुई बाजूला ठेवली. ही सुई दिली असती तर बाई हातची गेली असती, असं ते हळूच म्हणाले. आता पोटात पाणी गेलं पाहिजे, तेही लगेच.

अक्कानं माझ्याकडे पाठ केली. पेला ओठांना लावला तर दात मिटलेले. चमच्यानं घातलं तर गालावरून ओघळलं. डॉक्टरांनी मिनतवारी केली, सिस्टर कानडीत रागावली. काही उपयोग नाही.

तेव्हा मी त्या दालनातल्या बायकांपुढं जाऊन उभी राहिले. लमाण तांड्यावरची एक लंबाणी म्हातारी सुनेपाशी बसलेली, एका टांगेवाल्याची बुरख्यातली बायको, औरादकडची तेलुगू बोलणारी एक लेकुरवाळी, आणखी दोघी-तिघी. मी म्हटलं, माझी नणंद लाजेपायी मरायलीय, जरा बांधावर उभ्या राहता तशा उभ्या राहा. एकीलाही याहून जास्त समजावून सांगावं लागलं नाही. त्या उठल्या, अक्काच्या खाटेभोवती आल्या, तिच्याकडे पाठ केली आणि पदर पसरले. बुरखेवालीनं बुरख्याचा घेर पसरला. लंबाणी म्हातारीच्या घागऱ्यावरच्या आरशांचे कवडसे छतावर थरथरू लागले. दाराशी उभ्या बाप्यांना तिनं अशी एक शिवी हासडली की दार ओस पडलं.

आत मी आणि अक्का. तिनं मान वळवून त्या पाठींकडे पाहिलं, एकेक करून, पुष्कळ वेळ.

"ह्या जातील की गं."

"न्हाई जायच्या. तुम्ही प्या."

ती प्यायली. आधी घोट, मग पेला, मग मीच घाबरून थांबवावं इतकं. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, लिंगावर ओघळलं आणि ते तिनं पुसलं नाही. भर दिवसा, उजेडात पाणी पिणारी अक्का मी पहिल्यांदा पाहिली. पुढचे सगळे दिवस त्या बायका पाळीपाळीनं उभ्या राहिल्या, आणि ताप उतरला.

आम्ही तिला घरी आणलं. निघताना डॉक्टरांनी हात जोडून बजावलं होतं, दिवसभर पाणी पीत राहा, आणि तिनं मान डोलावली होती. चिटगुप्प्याला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, डोक्यावर ऊन आलं तेव्हा, मी तिच्यापुढं भरला पेला धरला. तिनं तो घेतला, अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं, एक घोट घेतला आणि बाकीचं पाणी माझ्या हातात परत दिलं.

"दिवस बुडू दे," ती म्हणाली.

पुढं बरीच वर्षं ती जगली आणि तशीच जगली. ती गेल्यावर घरात नळ आला, आतून कडी लागणारं न्हाणीघर आलं, आणि भर दुपारी मी घटाघटा पाणी पिते तेव्हा माझा मलाच हेवा वाटतो. काळाच्या ओघात माणसांचे चेहरे पुसट होतात म्हणतात. मला मात्र त्या पाठींच्या आड पाणी पिणारी अक्का अजून लख्ख दिसते, आणि तिला आयुष्यात जे सुख मिळालं ते मरणाच्या दारात, परक्या बायकांच्या पदराआड, तेवढे मोजके दिवस, याचा राग काही केल्या माझ्या मनातून जात नाही.