वकिलाचं कार्ड

दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादर कधी हरवत नसे. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात तिथे काम करणाऱ्या मावशी लाल दोऱ्याने वॉर्डाची खूण घालायच्या. सरकारने सगळ्यांना ओळखपत्र द्यावं का, असा वाद पेटला, तेव्हा इस्त्रीवाल्याला त्यात आयतंच उदाहरण सापडलं. त्याला सगळे वकील म्हणत. वाद घातल्याशिवाय त्याची इस्त्री तापत नसे.

"उद्या सरकार आपल्याही कोपऱ्यात लाल दोरा घालणार!" तो गरजला. "मी माणूस आहे, चादर नाही. मेलो तरी कार्ड काढणार नाही."

"चादर निदान खूण बघून आपल्या वॉर्डात परत जाते रे," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे काय आहे? ना जन्माचा दाखला, ना शाळेचा."

पुढच्याच आठवड्यात मुकादमाने फर्मान आणलं: कार्ड नाही त्याला महिनाअखेर काम बंद. मावशींना रक्ताचं कोणी नव्हतं. होतं ते हे काम. त्या कार्डाच्या कचेरीत गेल्या. खिडकीतली मुलगी भली होती.

"कागद नसू देत, आजी. लहानपणापासून ओळखणारं कुणी आणा. फक्त त्यांचं स्वतःचं कार्ड हवं."

असा माणूस जगात एकच उरला होता, वकील. हौदाकाठी सापडलेल्या पोरक्या मावशींना वकिलाच्या आईनेच वाढवलं होतं. पण त्याला कोणत्या तोंडाने विचारायचं?

दुसऱ्या दिवशी वकिलाने इस्त्री उचलली आणि तो थबकला. शस्त्रक्रियेच्या हिरव्या चादरीवर बाळंतिणींच्या वॉर्डाची खूण!

"अगं, तुझी खूण आजवर चुकली नाही. झालंय काय?"

मावशींनी सांगितलं. वकिलाने इस्त्री खाली ठेवली. नंतर दोनदा रजा टाकून तो कुठेतरी जाऊन आला, आणि एका सकाळी मावशींना घेऊन त्या खिडकीपुढे उभा राहिला. हातात स्वतःचं कोरं करकरीत कार्ड.

"या कोण तुमच्या?"

"बहीण. आम्ही एका ताटात जेवलोय. आणि लिहून घ्या, हे कार्ड मला अजिबात पटलेलं नाही."

"त्याला रकाना नाही हो, आजोबा."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" तो मावशींकडे वळून म्हणाला.

परतताना मावशींनी तोंड उघडताच तो खेकसला, "आभार मानलेस तर साक्ष मागे घेईन."

संध्याकाळी मावशींनी त्याच्या सदऱ्याला आतून एक खिसा शिवला, कार्ड कुणाला दिसू नये असा. टाके एकेक करून जपून घातले, पांढऱ्यावर पांढरे. लाल दोऱ्याचं रीळ शेजारीच होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही.