अर्ध्यावर थांबलेलं भाषण

आमच्या लग्नाआधी हे मला भेटायला आले, तेव्हा सगळा वेळ ह्यांचा थोरला भाऊच बोलत होता. शेवटी न राहवून मी विचारलं, "मला लग्न नक्की कोणाशी करायचंय?" सगळे हसले. हेही हसले, पण बोलले नाहीत ते नाहीतच. त्या हसण्यावर भाळून मी हो म्हटलं.

मग संसारात दोघांच्या वाटचं मीच बोलत आले. मी कापडाच्या दुकानात विक्रीला असते. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवल्याशिवाय तिथे कापड खपत नाही, आणि घरी आल्यावर तो बंद कसा करायचा हे मला कधी जमलं नाही. हे "आज जरा..." म्हणाले की मी "डोकं दुखतंय?" म्हणायची. "त्या खिडकीची..." म्हणाले की "कडी. सांगितलंय सुताराला." बहुतेक वेळा माझं बरोबर असायचं. चुकलं तरी हे मान हलवून हो म्हणायचे, कारण नाही म्हणायचं तर पुन्हा बोलावं लागलं असतं.

ह्यांचं कामही न बोलण्याचंच होतं. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात हे तपासणीला होते. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या आणि हे स्टुलावर बसून तडा गेलेली, बुडबुडा राहिलेली बाटली अलगद उचलून बाजूला टाकायचे. नजर अशी पक्की की साहेबांनी खूश होऊन ह्यांना तपासणी विभागाचं प्रमुख केलं. आणि तिथेच घोळ झाला.

प्रमुखाने पाळी सुरू होताना सगळ्यांना समोर उभं करून दिवसाचं काम समजावून सांगायचं असतं. पहिल्या दिवशी हे उभे राहिले, "तर..." म्हणाले आणि अडकले. पुन्हा "तर..." म्हणाले. मग सरळ जाऊन आपल्या जुन्या स्टुलावर बसले आणि बाटल्या बघायला लागले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कारखान्यात ह्यांचं नाव 'तरसाहेब' पडलं होतं. मला ते शेजारणीकडून कळलं, तिचा नवरा त्याच कारखान्यात होता. मी चिडून घरी आले. म्हटलं, आता ह्यांच्या साहेबांनाच जाऊन भेटते.

जेवायला बसल्यावर हेच म्हणाले, "मी एका मंडळात नाव घातलंय."

"कसलं मंडळ?"

"बोलायचं."

मला ठसकाच लागला.

ते मंडळ दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर भरायचं. चार माणसांपुढे उभं कसं राहायचं, सभा कशी चालवायची, हाताखालच्या माणसांशी कसं बोलायचं, असं सगळं तिथे शिकवत. मंडळाचे प्रमुख होते दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावून बोलू न देणारा माणूस संध्याकाळी त्यांना बोलायला शिकवतो, याचं मला फार हसू यायचं. टेबलावर एक दिवा असायचा. वेळ संपत आली की तो पिवळा व्हायचा, संपली की लाल. शिवाय कोणी उगाच 'म्हणजे' किंवा 'तर' म्हटलं की टपाल कचेरीतल्या एक बाई टिंग करून घंटी वाजवायच्या. ह्यांच्या पहिल्या भाषणात म्हणे घंटीला उसंतच मिळाली नाही. हे ह्यांनीच मला सांगितलं, तेही हसत हसत.

पण मंडळाचा सगळ्यांत कडक नियम वेगळाच होता. बोलणारा अडला तर कोणी शब्द पुरवायचा नाही. कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही, मान डोलावून धीरसुद्धा द्यायचा नाही. हात मांडीवर ठेवायचे आणि त्याच्याकडे बघत थांबायचं.

"थांबलं की शब्द येतो," हे मला म्हणाले. "खरंच येतो गं. मला माहीतच नव्हतं."

चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला आधी कौतुक वाटलं आणि मागोमाग राग आला. म्हणजे इतकी वर्षं घरात मी थांबले नाही, असंच ना! मग मी मुद्दाम तोंडाला कुलूप लावलं. घरात भांड्यांशिवाय कशाचा आवाज नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि एक अख्खं वाक्य बोलले, "तू बोल बाई, घर खायला उठलंय." माझा राग कुठल्या कुठे गेला.

हळूहळू ह्यांना जमायला लागलं. दाढी करताना आरशाशी बोलायचे. गालाला साबण तसाच, आणि हे आरशाला विचारतायत, "कोणाला काही शंका?" मी मागून म्हणायची, "मला आहे. दूध कोण आणणार?" कारखान्यात लोक ऐकू लागले. सतत पडद्याकडे बघून नवीन मुलींचे डोळे दुखायचे. ह्यांनी वरच्या साहेबांपुढे उभं राहून सगळ्यांसाठी मधली विश्रांती मागून घेतली. पुढे हे दिसले की त्या मुली उठून उभ्या राहायच्या. 'तरसाहेब' नाव टिकलं, पण आता ते लोक मायेने घेत. ह्यांची पाठ ताठ झाली होती. शर्टाला इस्त्री स्वतः करायला लागले होते.

मग मंडळात मोठं भाषण द्यायची ह्यांची पाळी आली. विषय आपला आपण निवडायचा, हातात कागद घ्यायचा नाही आणि घरच्यांना ऐकायला बोलवायचं.

"विषय काय?" मी विचारलं.

"तिथे कळेल."

"मला सांगायला काय हरकत आहे?"

"तू मधेच पुरं करशील," हे म्हणाले. आणि इतके मोठ्याने हसले की मलाही हसावं लागलं.

तालीम दातांच्या डॉक्टरांकडे चालायची. दवाखाना बंद झाला की डॉक्टर रोग्याच्या खुर्चीत बसून ऐकायचे आणि हे समोर उभे राहून बोलायचे. मी काढून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ह्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

त्या गुरुवारी मी पहिल्या रांगेत बसले. हे उभे राहिले आणि म्हणाले, "मी आज माझ्या बायकोबद्दल बोलणार आहे." माझे कान गरम झाले. ह्यांनी लग्नाआधीच्या त्या भेटीची गोष्ट सांगितली, लोक पोट धरून हसले. मी ह्यांची वाक्यं कशी पुरी करते त्याची ह्यांनी नक्कल केली, मला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसू आलं. घंटी एकदाही वाजली नाही. हा माणूस इतकी वर्षं माझ्या घरात होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता, असं मला वाटत होतं. मग ह्यांनी आवाज खाली आणला. माझ्याकडे बघितलं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," हे म्हणाले, "आणि मी हिला एकदाही सांगितलं नाही, की..."

आणि थांबले.

मी वाट बघितली. सगळ्यांनीच बघितली. हात मांडीवर, नजर ह्यांच्यावर. माझ्या जिभेवर शंभर शब्द आले होते, पण दातांच्या डॉक्टरांनी हळूच तळहात दाखवला, थांबा म्हणून. सगळी खोली थांबली. ह्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता. ओठ एका बाजूला ओढल्यासारखे झाले, आणि मला वाटलं, भरून आलंय. काय सांगू, मला त्या क्षणी फार सुख वाटलं. हे माझ्याकडे बघत होते आणि अख्खी खोली ह्यांच्या पुढच्या शब्दासाठी श्वास रोखून बसली होती.

मग टेबलावरचा पाण्याचा पेला खाली पडला आणि त्याच्यामागून हे.

मेंदूत गुठळी अडकली होती. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती वेळ बोलायचे थांबले होते? वेळेचा दिवा असलेल्या त्या मंडळातल्या एकालाही ते सांगता येईना. "जरा लवकर आणलं असतं तर?" मी विचारलं. "फरक पडला असता किंवा नसताही," त्या म्हणाल्या. दातांचे डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "दातांचे असलात तरी डॉक्टरच ना तुम्ही?" त्यांनी मान खाली घातली. मला त्याचं काही वाटलं नाही.

हे वाचले. उजवा हात गेला आणि शब्द गेले. सगळेच गेले नाहीत. 'नाही' राहिला, तो खणखणीत यायचा. बाकीचे सगळे आपापली जागा सोडून गेले होते. पाणी हवं असलं की हे "रस्ता" म्हणायचे. चूक झाली हे ह्यांना लगेच कळायचं, तेच तर वाईट होतं. बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "शब्द पुरवू नका हं. ते शोधतायत. तुम्ही वाट बघा."

ह्यांनी मात्र एक गोष्ट सोडली नाही. सकाळी मी दुकानात निघाले की डाव्या हाताने माझा पदर धरायचे आणि म्हणायचे, "की..."

मी बसायची. हात मांडीवर ठेवायची.

"की... की..." कपाळाला घाम यायचा. एकदा जीव एकवटून म्हणाले, "की... चमचा." माझ्याकडे बघितलं. मी हसले, मग हेही हसले, आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. मी ह्यांची पाठ चोळत राहिले. जीभ चावून धरली होती मी. 'चांगली आहेस', 'आवडतेस', 'फार बोलतेस', काहीही म्हटलं असतं तरी ह्यांनी मान हलवून हो म्हटलं असतं, आयुष्यभर म्हणत आले तसं. मला तसला हो नको होता. मला ते वाक्य ह्यांच्या तोंडून हवं होतं. दुसरं काही मागायचं माझ्या मनातही येत नव्हतं.

दातांचे डॉक्टर अधूनमधून यायचे. मी दार उघडायची, पण 'बसा' म्हणायची नाही. ते आपले ह्यांच्या पलंगाशी बसून जायचे. एकदा मला राहवलं नाही. "डॉक्टर, तालीम तुमच्यासमोर झाली. 'की'च्या पुढे काय होतं?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं तेवढ्यात ह्यांनी डावा हात पलंगाच्या कडेवर आपटला. "नाही! नाही!"

"बरं, नका सांगू डॉक्टर," मी घाईने म्हटलं. "ह्यांना स्वतः सांगायचंय." हे पुन्हा "नाही" म्हणाले, डोळे मिटून. मी म्हटलं, कळलं हो मला, थांबते मी.

त्या दिवसानंतर मला जरा धीर आला. ह्यांना कधी जमलंच नाही तरी ते वाक्य डॉक्टरांपाशी आहे, कुठे जात नाही, असं मी मनाशी धरून बसले. दुकानात कापड मोजताना अचानक आठवायचं आणि बरं वाटायचं.

थंडी सुरू झाली आणि एका दुपारी हे झोपेतच गेले. आमची लेक सासरहून येऊन राहिली आणि परत गेली. कारखान्यातल्या मुली येऊन रडून गेल्या. सगळं आवरल्यावर घर असं रिकामं झालं की मी माझ्याच आवाजाने दचकायची. मग मी बोलायचीही थांबले.

एका संध्याकाळी दातांचे डॉक्टर आले. मी पहिल्यांदाच त्यांना म्हटलं, "बसा." चहा ठेवला. त्यांनी कप हातात घेतला, प्यायले नाहीत.

"आता सांगा, डॉक्टर," मी म्हणाले.

"काय सांगू, वहिनी?"

"ते वाक्य. आता अडवायला ते नाहीत. मी पुष्कळ वाट बघितली. तुमच्याकडून ऐकेन."

त्यांनी कप खाली ठेवला. मी मध्ये बोलले नाही.

"माझ्याकडे नाही हो ते," ते म्हणाले.

मला कळेना.

"तालमीतही ते तिथेच थांबायचे. दर वेळी. 'की' म्हणायचे, माझ्याकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, पुढचं ती समोर असेल तेव्हाच. मला एकदाही ऐकवलं नाही. तुम्ही विचारलंत त्या दिवशी ते नाही नाही म्हणत होते ना, ते हेच सांगत होते. ह्या डॉक्टरला ते माहीत नाही म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, कळलं. मग माझं धाडस झालं नाही."

मी टेबलाची कड धरली. ते वाक्य कुठेच नव्हतं. कोणापाशीच नव्हतं. ह्यांच्याबरोबर गेलं होतं, आणि हे गेले तेव्हा रडले नसेन इतकं मला आतून रडू फुटलं. डॉक्टर तसेच बसून राहिले. माझं ओसरल्यावर खाली बघत म्हणाले,

"त्या संध्याकाळी ते नेमके तिथेच थांबले, म्हणून मी सगळ्यांना हात केला. ती त्यांची रोजची थांबायची जागा होती, वहिनी. मला वाटलं, आता बोलतील."

ह्या माणसाला सुनवायला मी कितीतरी शब्द घासून पुसून ठेवले होते. त्यांतला एकही आला नाही.

"मलाही तेच वाटलं होतं," मी म्हणाले.